भात्यातलं पाणी

जावाला निघायच्या आदल्या रात्री मी कुडाळला फोन लावला. आजीने सामानाची, खाण्यापिण्याची चौकशी केली आणि मग तिच्या मनातलं विचारलं, "थंय पण आमचो राम आसा मां गो?"

"आसा आजी. देवळात दगडावर कोरलेलो आसा."

"मगे बरा," ती म्हणाली आणि निश्चिंत झाली. मीही निश्चिंत होते. परक्या मुलखात आपल्याच रामाला भेटायला चाललोय, याच भावनेने मी विमानात बसले.

तेव्हा मी पुण्यात प्राचीन इतिहास घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मध्य जावातल्या प्राम्बानन मंदिरांवर रामायणाचे शिल्पपट आहेत, त्यांच्या नोंदी करून शोधनिबंध लिहायचा असं ठरलं होतं. मुक्काम सहा आठवडे, योग्यकर्ता शहरात. त्या शहराच्या नावामागे अयोध्या आहे असं मानतात, हे वाचून मला कोण आनंद झाला होता! एका जाड वहीत मी आधीच तक्ता आखून घेतला होता. त्याचे रकाने चार: जागा, प्रसंग, मूळ आणि बदल. 'मूळ' म्हणजे वाल्मीकी. त्याच्याशी जे जुळणार नाही ते 'बदल'. सगळं रामायण या चार रकान्यांत नीट बसेल याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मी राहिले ते घर एका जावानीज मुस्लिम कुटुंबाचं. घरच्या बाईंना सगळे 'इबू' म्हणजे आई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या पानात गुडेग वाढलं. हा तिथला खास पदार्थ. कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात तासन् तास शिजवतात, इतका की तो तपकिरी होऊन तोंडात विरघळतो. आमच्याकडे कोवळ्या फणसाची भाजी तिखट, वर ओलं खोबरं. इथली गोडमिट्ट. तरी पहिल्या घासालाच घर आठवलं.

भाषेतही पावलोपावली ओळखीचं भेटायचं. इबू रोज्याला 'पुआसा' म्हणायच्या. हा शब्द उपवासावरून आला आहे. पापाला 'दोसा', नवऱ्याला 'सुआमी', स्वर्गाला 'सुर्गा', धर्माला 'आगामा'. पहिल्या आठवड्यात मी असे शब्द वेचून वहीच्या मागच्या पानांवर यादी केली आणि एका संध्याकाळी मोठ्या उत्साहाने इबूंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, "असं होय? मला पुआसा म्हटलं की पहाटे तीनला उठून चूल पेटवणारी माझी आई आठवते." मी वही मिटली. त्यांचं बोलणं मला त्या वेळी विषयाला सोडून वाटलं होतं.

प्राम्बानन शहरापासून पूर्वेला, तासाभराच्या आत. नवव्या शतकातलं हे मंदिरसंकुल. इसवी सन 856 च्या एका शिलालेखात शिवालयाच्या उभारणीचं वर्णन आहे, ते याच मंदिराचं मानलं जातं. मधलं शिवमंदिर 47 मीटर उंच, एका बाजूला ब्रह्मा, दुसऱ्या बाजूला विष्णू. भोवती कधीकाळी दोनशेहून जास्त लहान मंदिरं होती. त्यांतली बहुतेक आज काळ्या दगडांच्या राशी होऊन पडली आहेत. मूळचे दगड पुरेसे सापडल्याशिवाय तिथे एकही मंदिर पुन्हा उभं करत नाहीत, आणि 2006 च्या भूकंपाने उभ्या असलेल्यांनाही मोठा तडाखा दिला होता.

रामकथा कोरली आहे ती प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या कठड्याला, आतल्या अंगाने. मंदिर उजवीकडे ठेवून चालायचं, डाव्या हाताला गोष्ट पुढे सरकत जाते. शिवमंदिराची फेरी सेतूपाशी संपते आणि पुढची कथा ब्रह्माच्या मंदिरावर सुरू होते. पहिले तीन दिवस माझा तक्ता भराभर भरत गेला. पोटात तोंड असलेला कबंध दिसला, 'मूळ' मध्ये खूण केली. सेतू बांधताना वानर समुद्रात दगड टाकताहेत आणि मासे ते तोंडात धरताहेत, 'बदल' मध्ये खूण केली.

चौथ्या दिवशी तिथल्या विद्यापीठातल्या ज्या प्राध्यापिकांकडे मला सोपवलं होतं त्या आल्या. साठीच्या, डोक्याला फिकट निळा हिजाब, आवाज इतका हळू की ऐकायला जवळ जावं लागे. त्यांनाही इबूच म्हणायचं, बोलताना नुसतं 'बू'. त्यांनी वही हातात घेतली आणि पानं शांतपणे उलटली.

"या रकान्याला 'बदल' हे नाव कोणी दिलं?"

"मी, बू."

"हे कोरणाऱ्याने काही बदललं, हे तुला कसं कळलं? त्याच्यासमोर वाल्मीकींची पोथी होती का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला शिवमंदिराच्या कठड्यावरच्या एका पटासमोर नेलं, वही स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "दुपारपर्यंत इथे बस. लिहायचं नाही."

मी बसले. समोर राम आणि लक्ष्मण. लक्ष्मण रामाला प्यायला पाणी देतो आहे, पण त्याच्या हातात कमंडलू नाही की द्रोण नाही. आहे तो बाणांचा भाता. ज्यात बाण ठेवायचे त्यात पाणी भरून आणलंय. आणि झाडावर एक वानर. वाल्मीकींच्या सुग्रीवभेटीत असं काही नाही, म्हणून माझ्या तक्त्यात ही सरळसरळ 'बदल' ची नोंद झाली असती आणि मी पुढच्या पटाकडे वळले असते.

दुपारी बूंनी गोष्ट सांगितली. विलेम स्टुटरहाइम नावाच्या डच अभ्यासकाने 1925 मध्ये या पटांवर ग्रंथ लिहिला. पुस्तकी संस्कृत रामायणाने न उलगडणारे प्रसंग त्याने मलय भाषेतल्या 'हिकायत सेरी राम' या कथेशी ताडून पाहिले. त्यात हा प्रसंग आहे. रानात रामाला तहान लागते. लक्ष्मण एका ओहोळाचं पाणी भात्यातून आणतो. रामाला त्या पाण्याची चव वेगळी लागते. हे पाणी येतं कुठून म्हणून शोध घेतला तर वर झाडावर सुग्रीव रडत बसलेला. भावाने राज्य घेतलं, बायको घेतली. त्याच्याच अश्रूंचा तो ओहोळ.

मी पुन्हा त्या पटाकडे पाहिलं. सुग्रीवाने अजून तोंडही उघडलेलं नाही आणि त्याचं दुःख रामाच्या पोटात गेलं आहे. त्यानंतर होणाऱ्या मैत्रीत करार कुठला आणि अट कुठली! ज्या कोणी ही कल्पना केली, त्याला रामायण कळलेलं होतं. ते त्याने कुणाची परवानगी घेऊन समजून घेतलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. त्यात पटाचं सौंदर्य होतं आणि तीन दिवस मी किती काही न बघता पुढे गेले होते याची खंतही होती.

वही परत मिळाली तेव्हा मी दोन रकान्यांची नावं खोडली. 'मूळ' च्या जागी लिहिलं 'इथे काय आहे'. 'बदल' च्या जागी, 'असंच आणखी कुठे'. बूंनी मान हलवली आणि पहिल्या पटापासून पुन्हा सुरुवात करायला सांगितलं. तीन दिवसांचं काम वाया गेलं होतं. पण तेच मला लागलेलं खरं वळण.

मग संध्याकाळी वाचनालयात बसून जे वाचलं त्याने माझा पायाच हलला. जावाचं स्वतःचं रामायण-काव्य आहे, साधारण त्याच काळातलं, जुन्या जावानीज भाषेत. त्याचा बराच भाग बेतला आहे तो भट्टीच्या काव्यावर, वाल्मीकींवर नाही. वलभीच्या भट्टीने व्याकरणाची उदाहरणं देता देता रामकथा सांगितली, ते काव्य समुद्र ओलांडून जावाच्या कवीपर्यंत पोहोचलं. आणि प्राम्बाननच्या शिल्पकारांनी तर या काव्यालाही सोडून आणखी निराळी कथा कोरली. एकच 'मूळ' धरून बसणाऱ्या माझ्या तक्त्याला यातलं काहीच पकडता आलं नसतं.

आपल्याकडच्या अभ्यासाचीही मला नव्याने ओळख झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रमेशचंद्र मजुमदारांसारख्या मोठ्या इतिहासकाराने आग्नेय आशियावर जी ग्रंथमाला लिहिली तिच्या नावातच 'प्राचीन भारतीय वसाहती' हे शब्द आहेत. देश पारतंत्र्यात होता, आपलेही पूर्वज समुद्रापार गेले होते हे सांगण्याची गरज खरी होती. पण भारतातून सैन्य येऊन जावा जिंकल्याचा पुरावा नाही. तिथल्या राजांनी, कवींनी, पाथरवटांनी जे हवं ते घेतलं, नको ते सोडलं. घेणाऱ्याची निवड 'वसाहत' या शब्दात पुसली जाते. माझ्या 'बदल' या रकान्यातही ती तशीच पुसली जात होती.

हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते बोरोबुदूरला. तो प्रचंड स्तूप पाहायला जगभरची माणसं वर चढतात. बूंनी मला आधी खाली नेलं, आग्नेय कोपऱ्यात. स्तूपाचा सगळ्यात खालचा थर बांधतानाच दगडांच्या जाड ओट्याने झाकून टाकला होता. तो 1885 मध्ये उजेडात आला. त्यावर 160 पट आहेत, कर्म आणि त्याची फळं दाखवणारे. कास्सियान सेफास या जावानीज छायाचित्रकाराने 1890-91 मध्ये ते टिपले आणि मग दगड पुन्हा लावले गेले. आज या कोपऱ्यातले मोजके पट उघडे आहेत. त्यांतल्या एकावर कुरूप चेहऱ्यांची माणसं आहेत आणि वर जुन्या लिपीत बारीक अक्षरांत एक शब्द खोदलेला आहे: विरूप. कोरणाऱ्यासाठी लिहिलेली ती सूचना, 'इथे कुरूप माणसं काढ'. काम संपल्यावर पुसायची राहून गेली. आणखी एका पटावर असाच 'स्वर्ग'. तो शब्द वाचताना मला पहिल्या आठवड्यातली माझी यादी आठवली. छिन्नी-हातोडा हातात घेतलेल्या माणसाला मुकादमाने सांगावा तसा हा रोजच्या कामातला शब्द होता. पाहुणा शब्द असा कामाला जुंपत नाहीत. इबूंच्या 'पुआसा' त त्यांची आई का होती, ते मला तिथे उभं असताना उमगलं.

चौथ्या आठवड्यात इबूंनी मला त्यांच्या माहेरच्या गावी नेलं. गावाची वार्षिक शांत होती. त्या निमित्ताने रात्रभर वायांग, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. रात्री नऊच्या सुमाराला सुरुवात झाली. पांढरा पडदा, वरून टांगलेला दिवा, आणि पडद्याच्या पायाशी केळीचे आडवे बुंधे. त्यांत बाहुल्यांच्या काठ्या खोचून दोन्ही बाजूंना पात्रांच्या रांगा लावल्या होत्या. आमच्याकडे केळीचा खांब सत्यनारायणाच्या चौरंगाला लागतो, इथे त्यावर कौरव-पांडव उभे. म्हशीचं कातडं तासून, बारीक छिन्न्यांनी जाळी पाडून, दोन्ही अंगांनी सोनेरी आणि रंगीत रंगवलेली ती पात्रं. पडद्यावर तर सावलीच पडणार, मग इतके रंग कशाला, असं मला वाटलं. पण निम्मा गाव दालांगच्या पाठीशी बसतो, वादकांच्या बाजूला, आणि तिथून रंग दिसतात. सावली पडद्याच्या पलीकडून दिसते. इबूंनी मला दोन्हीकडे बसवलं.

दालांग म्हणजे सूत्रधार. पन्नाशीचे असावेत. त्यांनी धूप लावला, डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि मांडी घातली ती पहाटेपर्यंत मोडली नाही. सगळ्या पात्रांचे आवाज त्यांचेच. हातातल्या लाकडी ठोकळ्याने पेटीवर ठोका दिला की गामेलान या वाद्यवृंदाचं वादन फिरे. गोष्ट पांडवांची होती, पण मी ऐकलेले पांडव हे नव्हते. इथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची. स्रीकांदी, म्हणजे आपला शिखंडी, ही धनुर्धारी स्त्री, अर्जुनाची बायको. युधिष्ठिराजवळ 'कालिमासादा' नावाचं दिव्य शस्त्र, आणि त्या नावाचा संबंध पुष्कळ लोक इस्लामच्या कलिम्याशी जोडतात. मध्यरात्र उलटली तेव्हा सेमार आला. ढेरपोट्या, चपट्या नाकाचा, अर्जुनाचा म्हातारा चाकर. पण तो खरा देव आहे, शिवाचा थोरला भाऊ, माणसांची सेवा करायला खाली उतरलेला. तो राजाला खडसावतो आणि राजा ऐकून घेतो. लोक पोट धरून हसत होते आणि मला दशावतारातला संकासुर आठवत होता. लहानपणी जत्रेत आजीच्या मांडीवर डोकं ठेवून मी संकासुर येईपर्यंत जागी राहायची आणि मग झोपून जायची.

पहाटे खेळ संपत आला तेव्हा मशिदीतून बांग आली. पांडव पेटीत गेले, पडदा उतरला, माणसं नमाजाला निघाली. दालांग चहा पीत बसले होते. इबूंनी माझी ओळख करून दिली, ही भारतातून आली आहे. ते उजळून म्हणाले, "तिकडेही पांडव आहेत, असं ऐकलंय. तुमच्या गावात त्यांच्यासाठी रात्रभर जागतात का?"

मी "जागतात" म्हटलं. मग त्यांनी कसा खेळ असतो, बाहुल्या कशाच्या, वाद्यं कोणती, असं खोदून खोदून विचारलं, आणि माझं सांगणं तिथेच खुंटलं. कुडाळला लागून पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. घरापासून हाकेच्या अंतरावर हे सगळं असताना मी एकही खेळ पूर्ण पाहिला नव्हता. लोककला म्हणून कौतुक होतं, पण रामायण शिकायला तिथे जावं असं कधी मनात आलं नाही. वहीत आखण्याच्या खूप आधीपासून माझ्या डोक्यात 'मूळ' आणि 'बदल' हे रकाने होतेच, आणि पिंगुळीची मी न पाहताच दुसऱ्या रकान्यात नोंद करून टाकली होती.

सगळं जावा असं एकमेकांत विरघळलेलं आहे, असं सांगितलं तर ते खोटं होईल. इबूंच्या शेजारी एक आजोबा वारले. तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या दिवशी शेजारीपाजारी जमून प्रार्थना म्हणतात, मग भाताचे डबे घरी नेतात. याला 'तहलीलान' म्हणतात. मी मनात लगेच दहावं-तेरावं म्हणायला निघाले होते, तेवढ्यात इबूंच्या मुलाने सांगितलं की तो जात नाही. योग्यकर्त्यातच 1912 मध्ये मुहम्मदिया ही सुधारणावादी संघटना सुरू झाली. तिच्या मते या प्रथेला धर्मात आधार नाही. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नहदलातुल उलामाला ती प्रथा मान्य आहे. एकाच घरात आई जाते, मुलगा जात नाही, आणि दोघंही स्वतःला पक्के मुसलमान मानतात. त्यांच्या वादात माझ्या 'हे तर आमचंच' ला जागा नव्हती. तो त्यांचा वाद होता, त्यांच्याच श्रद्धेबद्दलचा.

शेवटच्या आठवड्यात कुदूसला गेले. तिथल्या जुन्या मशिदीचा मिनार लाल विटांचा, घडण थेट देवळाची. सोळाव्या शतकात सुनान कुदूस या संताने इथे इस्लामचा प्रसार केला. आसपासच्या हिंदूंचं मन दुखू नये म्हणून त्यांनी लोकांना गाय न कापायला सांगितलं, अशी परंपरा आहे. त्या गावात हिंदू आता जवळपास नाहीत, तरी खाणावळीत आजही म्हशीचंच मांस रांधतात. मी खाणावळवाल्या बाईंना विचारलं, आता कोणासाठी? त्या म्हणाल्या, "सुनाननी सांगितलंय ना." पाचशे वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांचं मन तिथे अजून जपलं जात होतं.

परत आल्यावर मी शोधनिबंध पूर्ण केला. त्याला जोडून पिंगुळीला जायला लागले. चित्रकथीच्या पोथ्या उघडून घेतल्या. एकेक चित्र समोर धरून कथा सांगताना ऐकली, आणि वहीत तेच दोन रकाने ठेवले, 'इथे काय आहे' आणि 'असंच आणखी कुठे'. ते काम अजून चालू आहे.

पण त्याआधी, आल्या आल्या, मी आजीला प्राम्बाननचे फोटो दाखवले. भात्यातलं पाणी आणि झाडावरचा सुग्रीव दाखवून सगळा प्रसंग सांगितला. मनात धाकधूक होती. आजीने आयुष्यभर पोथी ऐकलेली, तिला हे पटेल का? तिने फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं.

"खराच गो," ती म्हणाली. "दुसऱ्याचा दुख तोंडात घेतल्याशिवाय कळतला कसा?"

त्या चैत्रात रामनवमीच्या संध्याकाळी वाडीतली पोरं ओसरीवर जमली होती. मी आत स्वयंपाकघरात होते. बाहेर आजी रामाची गोष्ट सांगत होती. राम तहानलो, लक्ष्मणान भात्यातसून पाणी हाडल्यान, ता पाणी खारट लागला. कुठल्या तरी पोराने विचारलं, "खारट कित्याक, आजी?" आजी थांबली, आणि वर झाडाकडे बघावं तशी मान वर करून म्हणाली, "तां बघूक लक्ष्मण वर चडलो."

ही गोष्ट कुठून आली ते तिने सांगितलं नाही. मीही बाहेर जाऊन सांगितलं नाही.